सामू समजून घेताना: आकडा वाचण्यापासून मापक वापरण्यापर्यंत

एखाद्या बाटलीवर ‘सामू ४’ अशी चिठ्ठी असते, कागदी पट्टीचा रंग पाहून कोणी ‘सामू साडेआठ’ असे सांगतो, प्रयोगवहीत ‘सामू ७.२’ अशी नोंद सापडते, आणि वजनाचे किंवा लांबीचे आकडे वाचावेत तसेच हे आकडे वाचून आपण पुढे जातो. नवशिक्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ या सवयीत असते. ज्याला पाठ्यपुस्तके सामू म्हणतात आणि प्रयोगशाळेत सर्वजण पीएच म्हणतात, तो आकडा मुळात घातांक आहे, आणि घातांकांची बेरीज, वजाबाकी किंवा सरासरी साध्या आकड्यांप्रमाणे करून चालत नाही. ही गोष्ट एकदा मनात ठसली की बाकीचा विषय अवघड राहत नाही, म्हणून या लेखात आधी आकडा वाचायला शिकू आणि त्यानंतरच पट्टी किंवा मापक हाती घेऊ.

पहिली पायरी: मोजायचे काय आहे, ते ओळखणे

शुद्ध पाण्यात केवळ पाण्याचे रेणू असतात असे आपण समजतो, पण त्यांतील काही रेणू सतत फुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात. रेणू फुटला की एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन मिळतो. यांतील हायड्रोजन आयन एकटा राहत नाही, तो लगेच शेजारच्या पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि त्याचा हायड्रोनियम आयन बनतो. परंतु हिशोबाच्या सोयीसाठी सर्वजण हायड्रोजन आयन असेच म्हणतात आणि या लेखातही तसेच म्हटले आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला कोणत्याही क्षणी पाण्याच्या साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला असतो. संहतीच्या, म्हणजे ठरावीक आकारमानात किती आयन आहेत याच्या, भाषेत सांगायचे तर एक लीटर पाण्यात ०.००००००१ मोल (मोल हे कणांची संख्या सांगणारे एकक), म्हणजे १० चा उणे ७ वा घात इतके मोल, हायड्रोजन आयन असतात आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन असतात.

पाण्यातील या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला कायम राहतो, आणि २५ अंशांना तो १० चा उणे १४ वा घात इतका असतो. पाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन आयन वाढतात आणि हायड्रॉक्साइड आयन त्याच पटीत कमी होतात. आम्लारी मिसळली की याच्या उलट घडते. याचा अर्थ असा की अत्यंत आम्लधर्मी द्रावणातही थोडे हायड्रॉक्साइड आयन असतातच आणि दाहक सोड्याच्या द्रावणातही थोडे हायड्रोजन आयन असतातच. कोणते द्रावण आम्लधर्मी, कोणते आम्लारिधर्मी, हे ठरवताना या दोहोंपैकी कोणाचे पारडे जड आहे एवढेच पाहायचे असते.

दुसरी पायरी: आकड्यातील घातांक वाचणे

१९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन हे रसायनशास्त्रज्ञ विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करत होते. विकराचे कार्य द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या संहतीवर फार अवलंबून असते हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि दर वेळी दशांश चिन्हापुढे पाच-सात शून्ये लिहीत बसणे हा छळच होता. त्यांनी केवळ घातांक लिहायचा आणि त्यापुढचे उणे चिन्ह सोडून द्यायचे अशी पद्धत सुरू केली. संहती १० चा उणे ३ वा घात असेल तर सामू ३, आणि उणे ९ वा घात असेल तर सामू ९. गणिती भाषेत, हायड्रोजन आयनांच्या संहतीचा दहा या पायावरील लॉगॅरिदम घेऊन त्याचे चिन्ह बदलले की सामू मिळतो. काटेकोर व्याख्येत संहतीऐवजी आयनांची ‘क्रियाशीलता’ घेतात, कारण दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात; विरल द्रावणांपुरते हे दोन्ही जवळजवळ सारखेच मानता येतात.

चिन्ह सोडल्यामुळे एक गोष्ट मात्र उलटी झाली, आणि ती जाणीवपूर्वक अंगवळणी पाडावी लागते: आकडा जितका लहान, तितकी आम्लता अधिक. सामू ५ पासून ४ कडे जाताना हायड्रोजन आयन दहापट होतात, ५ पासून ३ कडे जाताना शंभरपट होतात. दोन पूर्णांकांच्या मधला भाग वाचण्यासाठी गणकयंत्राची फारशी गरज नाही. २ चा लॉगॅरिदम सुमारे ०.३ असतो, तेव्हा सामू ०.३ ने उतरला की हायड्रोजन आयन दुप्पट झाले असे समजावे; ०.५ ने उतरला तर साधारण ३.२ पट आणि ०.७ ने उतरला तर पाचपट. समजा, सामू ४.७ आहे. तो ५ पेक्षा ०.३ ने कमी आहे, म्हणजे संहती १० च्या उणे ५ व्या घाताच्या दुप्पट, अर्थात एका लीटरमध्ये ०.००००२ मोल. असे दहा-बारा आकडे कागदावर सोडवून पाहिले की हात बसतो, आणि माझ्या मते मापकाला हात लावण्याआधी हे करणे सर्वांत उपयोगाचे आहे.

हे का महत्त्वाचे, ते रक्ताच्या उदाहरणावरून चटकन कळते. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या दरम्यान असतो. ही पट्टी इतकी अरुंद दिसते की शरीर जराही बदल सहन करत नाही असे वाटावे. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या दरम्यान हायड्रोजन आयनांची संहती एका लीटरमागे सुमारे ४५ नॅनोमोलपासून ३५ नॅनोमोलपर्यंत बदलते, म्हणजे फरक चांगला मोठा आहे. आणि सामू ७.४ वरून ७.१ वर आला तर आकड्यात ०.३ ची घट दिसते, पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात आणि रुग्णाची प्रकृती गंभीर असते.

आता सरासरीचा सापळा पाहू. सामू ३ असलेले हायड्रोक्लोरिक आम्लाचे एक लीटर द्रावण आणि सामू ५ असलेले त्याच आम्लाचे एक लीटर द्रावण एकत्र केले, तर मिश्रणाचा सामू किती होईल? पहिल्यांदा हा प्रश्न विचारला की बहुतेक जण ४ असे उत्तर देतात. परंतु पहिल्या द्रावणात ०.००१ मोल हायड्रोजन आयन आहेत आणि दुसऱ्यात केवळ ०.००००१ मोल आहेत. दोन्ही मिळून ०.००१०१ मोल आयन दोन लीटरमध्ये पसरले की संहती ०.०००५०५ येते आणि सामू साधारण ३.३ येतो. दुसऱ्या द्रावणाने मिश्रणात आम्ल जवळजवळ घातलेच नाही, त्याने पाण्याचे काम केले. हाच न्याय वहीतील नोंदींनाही लागू आहे. वेगवेगळ्या नमुन्यांची सरासरी आम्लता हवी असेल, तर आधी प्रत्येक सामूचे संहतीत रूपांतर करावे, सरासरी काढावी आणि मग पुन्हा सामू काढावा.

तिसरी पायरी: मोजपट्टीची टोके आणि तिचा मध्य

सामूची श्रेणी शून्यापासून चौदापर्यंत असते हे सर्वांना पाठ असते. ती सोयीची सीमा आहे, निसर्गाने घातलेली नाही. एका लीटरमध्ये एका मोलहून अधिक हायड्रोजन आयन असलेल्या द्रावणाचा सामू शून्याखाली जातो, आणि कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन येथील जुन्या खाणीत साचलेल्या पाण्याचा सामू उणे ३.६ इतका नोंदवला गेला आहे. नवशिक्याला असे द्रावण हाताळावे लागणार नाही, पण मापकावर उणे आकडा दिसला की यंत्र बिघडले असे लगेच मानू नये.

सातच्या आकड्याबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. सामू ७ म्हणजे उदासीन, हे २५ अंश सेल्सिअसलाच खरे आहे. तापमान वाढले की पाण्याचे रेणू अधिक फुटतात, त्यामुळे ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.५ होतो आणि शून्य अंशांजवळ तो सुमारे ७.५ असतो. साठ अंशांचे ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते, कारण हायड्रोजन आयनांइतकेच हायड्रॉक्साइड आयनही वाढलेले असतात. उदासीनतेचा बिंदूच सरकलेला असतो. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय सामूची नोंद पूर्ण होत नाही.

ओळखीसाठी काही ठळक आकडे ध्यानात ठेवावेत. जठररसाचा सामू साधारण १.५ ते ३.५ असतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सुमारे ५.६, समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सुमारे ८.१ आणि चुन्याच्या संपृक्त निवळीचा सुमारे १२.४.

चौथी पायरी: तीव्र, सौम्य, संहत आणि विरल हे चार शब्द वेगळे ठेवणे

रोजच्या बोलण्यात ‘कडक आम्ल’ म्हटले की त्यात दोन वेगळे अर्थ मिसळतात. आम्ल तीव्र की सौम्य, हे त्याच्या रेणूंच्या स्वभावावर ठरते: पाण्यात गेल्यावर त्याचे जवळजवळ सर्व रेणू आयनांत विभागले जात असतील तर ते तीव्र, थोडेच विभागले जात असतील तर सौम्य. संहत की विरल, हे मात्र आपण पाण्यात किती आम्ल घातले यावर ठरते. सौम्य आम्लाचे संहत द्रावण असू शकते आणि तीव्र आम्लाचे अत्यंत विरल द्रावणही असू शकते.

उदाहरण घेऊ. एका चंचुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसऱ्यात ॲसेटिक आम्लाचे द्रावण आहे. दोहोंची संहती लीटरमागे ०.१ मोल आहे. पहिल्याचा सामू सुमारे १ येतो, कारण त्यातील आम्लाचे पूर्ण विचरण झालेले असते. दुसऱ्याचा सामू सुमारे २.९ येतो, कारण त्यातील शंभरांपैकी जेमतेम सव्वा ते दीड रेणूच आयनांत विभागलेले असतात. म्हणजे पहिल्या पात्रात हायड्रोजन आयन जवळजवळ पंचाहत्तर पट आहेत. आता या दोन्ही द्रावणांचे प्रत्येकी १० मिलिलीटर घेऊन त्यांचे ०.१ मोल संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडने उदासिनीकरण केले, तर दोघांनाही नेमके १० मिलिलीटरच लागते. सौम्य आम्लातील मोकळे आयन वापरले गेले की त्याचे उरलेले रेणू विभागले जातात आणि नवे आयन पुरवत राहतात.

मला या विषयातील गाभा इथेच आहे असे वाटते. सामू म्हणजे खिशातली रोकड; अनुमापनाने, म्हणजे वर केले तसे किती आम्लारी लागते ते मोजून, कळते ती पेढीतल्या ठेवीसकट सगळी पुंजी. एखाद्या द्रावणाने धातू किती झपाट्याने झिजेल किंवा विकर चालेल की नाही, हे बहुतांशी सामू सांगतो. ते द्रावण निष्प्रभ करायला किती आम्लारी लागेल, हे सामू सांगत नाही. एकाच सामूच्या दोन सांडपाण्यांपैकी एकाला चमचाभर आणि दुसऱ्याला बादलीभर चुना लागू शकतो, आणि केवळ मापकाचा आकडा पाहून चुना मागवणारा माणूस फसतो.

पाणी घालून सामू बदलण्याबाबतही हा भेद उपयोगी पडतो. तीव्र आम्ल दहापट विरल केले की सामू एकाने वाढतो; सौम्य आम्ल दहापट विरल केले की साधारण अर्ध्यानेच वाढतो, कारण विरल होताना त्याचे विचरण वाढत जाते. आणि कोणत्याही आम्लात कितीही पाणी ओतले तरी सामू सातच्या पलीकडे जात नाही. सामू ६ चे हायड्रोक्लोरिक आम्ल दहापट विरल केले तर गणिताने ७ यायला हवा, पण येतो सुमारे ६.८, कारण इतक्या विरल अवस्थेत पाण्याचे स्वतःचे आयनही हिशोबात धरावे लागतात.

सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले की बफर द्रावण तयार होते, आणि त्यात थोडे आम्ल किंवा आम्लारी पडली तरी सामू फारसा हलत नाही. मापकाचे अंशांकन, म्हणजे सामू माहीत असलेल्या द्रावणांशी त्याचा आकडा जुळवणे, अशाच द्रावणांनी करतात, म्हणून येथे एवढी ओळख पुरे.

पाचवी पायरी: साधन निवडणे

लिटमस आम्लात तांबडा आणि आम्लारीत निळा होतो, पण हा बदल साधारण सामू ५ ते ८ या रुंद पट्ट्यात होतो. त्यामुळे ‘आम्लधर्मी की आम्लारिधर्मी’ यापलीकडे तो काही सांगत नाही. इतर दर्शकांचे, म्हणजे सामूनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थांचे, पट्टे अरुंद असतात. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या दरम्यान तांबड्याचा पिवळा होतो, ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६.० ते ७.६ या दरम्यान पिवळ्याचा निळा होतो, आणि फिनॉल्फ्थॅलीन सुमारे ८.२ ते १०.० या दरम्यान रंगहीन अवस्थेतून गुलाबी होते. येथे एक नेहमीची चूक घडते: मिथिल ऑरेंज पिवळे दिसले म्हणून द्रावण आम्लारिधर्मी आहे असे ठरवले जाते, वास्तविक सामू ५ असलेल्या आम्लधर्मी द्रावणातही ते पिवळेच असते.

वैश्विक दर्शकाच्या पट्टीवरून सामूचा अंदाज साधारण एका एककापर्यंत येतो, आणि अनेक कामांना तेवढे पुरते. पट्टी मूळ बाटलीत कधीही बुडवू नये. काचकांडीने द्रावणाचा थेंब तिच्यावर ठेवावा, वेष्टनावर दिलेल्या वेळातच रंग जुळवावा आणि तो स्वच्छ उजेडात जुळवावा. द्रावण स्वतः रंगीत किंवा गढूळ असेल तर पट्टीवर विसंबू नये. ऊर्ध्वपातित पाण्यासारख्या जवळजवळ आयनरहित द्रवाचा सामू पट्टीने पाहणेही व्यर्थ आहे, कारण तेथे पट्टीतील रसायनेच द्रवाचा सामू बदलून टाकतात.

याहून अचूक आकडा हवा असेल तर मापक लागतो. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना सामू वेगळा असला की विद्युतदाब निर्माण होतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच माहीत झाले होते. पण काचेचा रोध इतका प्रचंड असतो की साध्या उपकरणांनी तो दाब मोजणे अवघड जाई. १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी निर्वात नळ्यांचा प्रवर्धक जोडून सुटसुटीत मापक तयार केला, आणि तोही लिंबाच्या रसाची आम्लता मोजताना अडलेल्या एका परिचित रसायनशास्त्रज्ञासाठी.

सहावी पायरी: मापक वापरणे

मापक प्रत्यक्षात सामू मोजत नाही, विद्युतदाब मोजतो. २५ अंशांना सामूच्या एका एककामागे हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो, आणि अंशांकन म्हणजे, प्रयोगशाळेच्या भाषेत कॅलिब्रेशन म्हणजे, आपल्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे द्रावणात बुडवायच्या काचेच्या कांडीचा, हा बदल प्रत्यक्ष किती आहे ते यंत्राला शिकवणे. इलेक्ट्रोड जुना झाला की हा बदल कमी होत जातो. अनेक मापक तो टक्क्यांत दाखवतात. तो साधारण ९५ टक्क्यांखाली आला की इलेक्ट्रोड साफ करावा, आणि तरीही सुधारला नाही तर बदलावा.

अंशांकनाची सुरुवात सामू ७ च्या बफरने करावी, आणि दुसरा बफर आपल्या नमुन्याच्या बाजूचा घ्यावा: नमुना आम्लधर्मी असेल तर सामू ४ चा, आम्लारिधर्मी असेल तर सामू १० चा. अपेक्षित आकडा या दोन बफरांच्या मध्ये पडला पाहिजे. बफर लहान पात्रात ओतून घ्यावा आणि वापरलेला बफर पुन्हा बाटलीत ओतू नये. सामू १० चा बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर बिघडतो, त्यामुळे त्याची बाटली उघडी राहू देऊ नये.

प्रत्येक द्रावणानंतर इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि टोकावरचे पाणी मऊ कागदाने हलकेच टिपून घ्यावे. पुसू नये. शिकत असताना मी तो चष्म्याच्या काचेसारखा घासून लख्ख करत असे आणि मग आकडा का स्थिरावत नाही म्हणून यंत्राला दोष देत असे. घासल्याने काचेवर विद्युतभार साचतो आणि तिचा नाजूक पृष्ठभाग खराबही होतो. टोकाचा काचेचा फुगा आणि त्याच्या बाजूचा सच्छिद्र भाग दोन्ही द्रावणात बुडतील इतका इलेक्ट्रोड खाली न्यावा, द्रावण हळुवार ढवळावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. काम संपल्यावर तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, साधारणपणे लीटरमागे ३ मोल संहतीच्या, ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला तर त्याच्या आतील क्षार हळूहळू बाहेर झिरपतो, आणि कोरडा ठेवला तर काचेचा ओलसर थर वाळतो.

मापकावरील तापमान-दुरुस्तीबाबतही गैरसमज आहे. ही सोय इलेक्ट्रोडच्या विद्युतदाबात तापमानामुळे पडणारा फरक भरून काढते. गरम द्रावणाचा सामू २५ अंशांना किती असता, हे ती सांगत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात इलेक्ट्रोड घातला आणि आकडा ५.७ च्या आसपास रेंगाळला, तरीही यंत्राला दोष देऊ नये. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी खरोखरच किंचित आम्लधर्मी झालेले असते, आणि इतक्या कमी आयनांच्या द्रवात इलेक्ट्रोडही डळमळतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, म्हणून ते असलेल्या द्रावणात काचेचा साधा इलेक्ट्रोड घालू नये.

सातवी पायरी: हाताळणी आणि नोंद

संहत आम्ल विरल करायचे असेल तर नेहमी पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने घालावे आणि ढवळत राहावे. आम्लात पाणी ओतले तर, विशेषतः सल्फ्युरिक आम्लात, एवढी उष्णता निर्माण होते की वरचे पाणी उसळून आम्लासह अंगावर उडते. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, आणि आम्लारीला आम्लापेक्षा निरुपद्रवी समजू नये. दाहक सोडा डोळ्यात गेल्यास इजा आतपर्यंत पोहोचते. काही अंगावर उडाले तर उदासिनीकरणाच्या भानगडीत न पडता तो भाग भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावा आणि डोळ्यात गेले असल्यास पाणी मारतच वैद्यकीय मदत मागवावी.

नोंद करताना दशांशानंतरचे किती अंक लिहायचे, याचा विचार करावा. मापक ६.४२७ असा आकडा दाखवत असला तरी नेहमीच्या कामात ०.०२ इतकी अनिश्चितता गृहीत धरावी लागते, आणि तेवढ्याने हायड्रोजन आयनांच्या संहतीत जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून दशांशानंतरचे दोन अंक पुरेत आणि पट्टीच्या बाबतीत एकही नको. त्यासोबत नमुन्याचे तापमान, अंशांकनासाठी वापरलेले बफर आणि नमुना घेतल्यापासून मोजणीपर्यंत गेलेला वेळ लिहावा: ‘सामू ६.४३, तापमान २७ अंश, बफर ४ व ७, नमुना घेतल्यावर दहा मिनिटांनी.’